घोडीला सारकॉइड झालंय, लिव्हरपूल क्रीम लावायचं चाललंय, कोणाला अनुभव?

चेशायरवासी
नमस्कार मंडळी. इथे कुत्र्यामांजरांचे धागे भरपूर आहेत, गाईम्हशींचेही आहेत, घोड्यांचं मात्र काही सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय. आम्ही इंग्लंडात चेशायरला असतो, लेकीची वेल्श कॉब घोडी आहे, इथल्याच एका लिव्हरी यार्डात, म्हणजे पैसे भरून घोडे ठेवायच्या तबेल्यात, ठेवलीये. तिच्या पुढच्या पायामागे जिथे तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळतात तिथे केस गेलेला एक गोल राखाडी चट्टा बरेच महिने होता, यार्डात सगळे म्हणायचे तंग घासून झालं असेल, काहीजण म्हणाले गजकर्ण आहे. आता त्या चट्ट्यात वाटाण्याएवढ्या दोन गाठी आल्यात आणि मागच्या जांघेत आतल्या बाजूला चामखिळीसारखं खरखरीत काहीतरी पसरतंय.

व्हेट म्हणाली सारकॉइड. म्हणजे कातडीचा ट्यूमरच, पण आत फुफ्फुसात वगैरे जात नाही, जिथल्या तिथे वाढतो आणि छळतो. तिने लिव्हरपूल क्रीम सुचवलंय. ते दुकानात मिळत नाही म्हणे, गाठींचे फोटो आणि सगळी माहिती लिव्हरपूल विद्यापीठाला पाठवली की मगच व्हेटला पाठवतात आणि लावायचंही तिनेच, मला हात लावू देणार नाही. यार्डातल्या बायकांची डझनभर मतं. एक म्हणते कापून टाक, एक म्हणते टूथपेस्ट लाव (खरंच!), आणि दोघीजणी आपापल्या घोड्यांना हळद, मिरपूड आणि जवसाचं तेल कालवून चारतात. आपली आजी बघायला हवी होती, गोऱ्या बायका घोड्याला हळद चारतायत.

तर प्रश्न असा की हे क्रीम नक्की काय करतं, किती त्रास होतो, आणि नाही लावलं तर?

खोगीर
बाप रे. घोड्यालाही कॅन्सर होतो हे माहीतच नव्हतं. वाचतोय.

घोडेवैद्य
चेशायरवासी, तुमच्या व्हेटने बरोबर सांगितलंय. मी पशुवैद्य आहे, रेसच्या घोड्यांत बरीच वर्षं काढलीत, आता पुण्याजवळ खासगी प्रॅक्टिस आहे. जरा लांबण लागेल पण लिहितो.

सारकॉइड हा जगभरात घोड्यांच्या कातडीचा सगळ्यात जास्त आढळणारा ट्यूमर. गाढव, खेचर यांनाही होतो. १९३६ साली दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन नावाच्या संशोधकाने पहिल्यांदा त्याचं नीट वर्णन केलं. गंमत अशी की याच्या मुळाशी गाईगुरांचा चामखिळीचा विषाणू आहे, बोव्हाइन पॅपिलोमा व्हायरस, मुख्यतः टाइप १ आणि २. गाईला साधी चामखीळ येते आणि बहुतेकदा आपोआप गळून जाते, घोड्यात मात्र तोच विषाणू कातडीच्या खालच्या थरातल्या पेशींत ठाण मांडतो आणि त्या वाढतच राहतात. माशा हा रोग एका जागेहून दुसरीकडे नेत असाव्यात असा दाट संशय आहे, माशांच्या अंगावर या विषाणूचा डीएनए सापडलाय. पण सगळ्याच घोड्यांना होत नाही, रक्तातच तशी प्रवृत्ती असावी लागते, काही घराण्यांत जास्त दिसतो.

प्रकार बरेच. तुम्ही सांगताय तो केस गेलेला गोल चट्टा म्हणजे ऑकल्ट, जांघेतलं खरखरीत म्हणजे व्हेरुकस, गाठी म्हणजे नोड्युलर, आणि लाल मांस बाहेर आल्यासारखं सारखं रक्त येणारं ते फायब्रोब्लास्टिक. एकाच घोड्यावर सगळं मिसळूनही असतं. क्वचित एक फार वाईट प्रकार असतो तो कातडीखालून दोरीसारखा पसरत जातो. शांत पडलेला ऑकल्ट खाजवला, ओरबाडला, अर्धवट कापला की तो चिडून फायब्रोब्लास्टिक होऊ शकतो, म्हणून तर नुसती शंका आली की लगेच तुकडा काढून तपासायलाही व्हेट कचरतात. तुमच्याकडे तंगाच्या जागी आहे, रोज घासणारच, त्यामुळे तिथला सोडून देणं मला पटत नाही. तोवर खोगीर बंद ठेवा.

आता क्रीम. हे लिव्हरपूल विद्यापीठातून आलं, प्रोफेसर डेरेक नॉटनबेल्ट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. त्यात ५-फ्लुरोयुरासिल, म्हणजे माणसांच्या कॅन्सरला वापरतात तेच केमोचं औषध, आणि शिवाय जड धातूंचे क्षार. मलम म्हणतात पण ते त्या जागेचं मांस मारणारं औषध आहे. म्हणूनच ते घरी देत नाहीत. ठराविक अंतराने काही वेळा लावतात, प्रत्येक वेळी व्हेट ग्लोव्हज घालून. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन फासतात. पहिल्या एकदोन वेळा घोड्याला फारसं कळत नाही, पुढे सूज येते, ठणकतं, शेवटच्या वेळेला बऱ्याच घोड्यांना गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं. मग तिथे काळी जाड खपली धरते आणि आठवड्यांनी ती आपली आपण सुटते. खपलीसकट ट्यूमर पडतो, खाली खड्डा राहतो तो हळूहळू भरतो. केस आले तर पांढरे येतात, नाहीतर येतच नाहीत.

चेशायरवासी
डॉक्टर किती छान लिहिलंत, मनापासून धन्यवाद. व्हेटच्या पाच मिनिटांत एवढं कळलं नव्हतं. म्हणजे ती जागा भयंकर दिसणार हे धरूनच चालायचं तर. लेक चौदा वर्षांची आहे, तिला आधीच सांगून ठेवते.

घोडेवैद्य
हो, दिसायला भयंकर दिसतं. पू, वास, सूज पोटाखाली उतरणं, सगळं होतं. ती खपली ओढायची नाही, धुवायची नाही, त्यावर दुसरं काही चोपडायचं नाही. धनुर्वाताची लस चालू आहे ना ते बघा, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. घोडी तोंडाने तिथे पोचत असेल तर गळ्यात अडसर घालावा लागेल, तिने ते चाटू नये. आणि घरात कोणी गरोदर असेल तर त्यांनी या दिवसांत घोडीच्या जवळही जाऊ नये, केमोचं औषध आहे ते.

शंकासुर
एक विचारू का डॉक्टर. हे सगळं विद्यापीठ, फोटो, व्हेटनेच लावायचं, यात मला जरा धंदा दिसतो. अमेरिकेत ब्लडरूट नावाच्या मुळीचं मलम मिळतं, ऑनलाइन कोणीही मागवतं, लोक घरी लावतात, नेटवर आधीचे नंतरचे फोटो ढीगभर आहेत. आपल्याकडेही बिब्ब्याने चामखीळ जाळतात की. आमच्या गावात घोड्याच्या शेपटीचा केस बांधून चामखीळ पाडतात, ते काय कुठल्या विद्यापीठाने शिकवलं?

माळशिरसकर
बिब्बा हा हा. आमच्या एका नातेवाइकांनी तट्टाच्या ओठाजवळच्या गाठीला बिब्बा लावला होता, आठवडाभर तट्टू दाणा खाईना, तोंड सुजून भोपळा, आणि गाठ तिथल्या तिथे. वर ती चिघळून दुप्पट झाली ती वेगळीच.

घोडेवैद्य
शंकासुर, केस बांधणं हे अगदीच खुळचट नाही. बारीक देठ असलेल्या लोंबत्या गाठीला आम्हीही रबरी रिंग आवळतो, रक्तपुरवठा तुटला की गाठ वाळून पडते. पण देठाखाली मुळं कातडीत पसरलेली असतील तर ती मागे राहतात आणि तिथूनच दुप्पट जोमाने उगवतं, म्हणून रिंग टाकायची की नाही हे आधी चाचपून ठरवावं लागतं, बरेचदा रिंगनंतर वर क्रीम लावावं लागतं.

ब्लडरूटचं म्हणाल तर त्यात सँग्विनारिन असतं, तेही मांस जाळतं, काही व्हेट स्वतः वापरतातही. तक्रार मुळीबद्दल नाहीये. तक्रार ही की ते घरी लावणाऱ्याला कळत नाही की गाठ सारकॉइडच आहे का, खाली सांधा आहे का, शीर आहे का, आणि किती लावल्यावर थांबायचं. नेटवरचे नंतरचे फोटो ज्यांचं बरं झालं तेच टाकतात. सारकॉइडमध्ये पहिला वार सगळ्यात महत्त्वाचा. अर्धवट उपचाराने मागे राहिलेला सारकॉइड जास्त आक्रमक होऊन परततो, आणि दर अपयशाला पुढच्या उपचाराची शक्यता घटत जाते. घरगुती प्रयोग करून झाल्यावर जे घोडे येतात त्यांच्यात मग सगळंच अवघड होऊन बसलेलं असतं.

आणि क्रीमही रामबाण नाही हेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल जाहिरात करतोय. डोळ्याभोवतीच्या सारकॉइडचा ४४५ घोड्यांचा एक मोठा अभ्यास २००० साली आला, खुद्द नॉटनबेल्ट यांचाच. त्यात या क्रीमला जेमतेम एक तृतीयांश यश. बीसीजी, हो तीच क्षयाची लस, गाठीत टोचून त्याहून बरंच चांगलं यश मिळालं आणि किरणोत्सर्गी इरिडियमच्या तारा गाठीत ठेवून तर जवळजवळ सगळे बरे झाले. नुसतं कापलेल्यांत बहुतेकांना परत आलं. स्वतःच्याच क्रीमचे पडलेले आकडे छापणारा माणूस धंदेवाईक कसा म्हणणार. आज पापणीच्या आसपास सहसा कोणी क्रीम लावत नाही. सांध्यावर, शिरांवर, खुराच्या वरच्या कडेलाही नाही.

शंकासुर
हे पटलं. धंदा हा शब्द मागे घेतो, शंका कायम ठेवतो :)

खोगीर
क्षयाची लस घोड्याच्या पापणीत?? हे कसं काय चालतं?

घोडेवैद्य
शरीराला तिथे काहीतरी परकं घुसलंय हे दाखवून द्यायचं, मग प्रतिकारशक्ती त्या गाठीवर तुटून पडते. पण दुसऱ्या तिसऱ्या वेळेला घोडा अॅलर्जीने धाडकन कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो, त्यामुळे आधी औषधं देऊनच टोचतात. पायाच्या सारकॉइडला ते लागूही पडत नाही म्हणतात.

फिरस्ती
मी नेदरलँड्समधे असते, आमच्या क्लबातल्या घोड्याला इमिक्विमोड लावलं होतं. माणसांच्या चामखिळीचं क्रीम आहे, मेडिकलमधे प्रिस्क्रिप्शनवर मिळतं, घरी लावता येतं. आठवड्यातून तीनदा, महिनोन्महिने. जागा लालबुंद होते आणि घोडा नंतर नंतर ट्यूब बघितली की कान मागे टाकतो. पण गेलं बाई सगळं. चेशायरवासी, जांघेतल्या खरखरीतसाठी विचारून बघा. आणि एक, इथे काहीजण ओठावरच्या तापाच्या फोडांचं अॅसायक्लोविर क्रीम लावतात, स्वस्त पडतं.

घोडेवैद्य
इमिक्विमोडवर २००६ मधे छोटा अभ्यास आला होता, १५ घोडे, ६० टक्क्यांचा ट्यूमर पूर्ण गेला. पातळ, पसरट सारकॉइडला चांगलं आहे, पण मालकाकडे चिकाटी हवी. अॅसायक्लोविरचं सुरुवातीला फार कौतुक झालं, नंतर बेल्जियममधे प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या क्रीमशी, तुलना करून बघितली तर काही फरक निघाला नाही. मग सुरुवातीला बरे झाले ते कसे? तर काही सारकॉइड आपोआपच जातात. स्वित्झर्लंडमधे फ्रान्श-मोंतान्य जातीच्या तरुण घोड्यांवर काही वर्षं लक्ष ठेवलं तर जवळजवळ निम्म्यांचे आपणहून गेले, ते साधे ऑकल्ट आणि बारीक व्हेरुकस होते. म्हणून टूथपेस्टवाल्या बाईंच्या घोड्यालाही गुण आलेला असू शकतो, आणि हळदवाल्यांच्याही. हळदीचा सारकॉइडवर उपयोग होतो याला पुरावा काही नाही, पण घोडा खातोय तर खाऊदे, क्रीमऐवजी नको एवढंच.

चेशायरवासी
टूथपेस्टवाल्या बाईंना हे वाचून दाखवलं पाहिजे, पण त्यांना मराठी येत नाही हे बरंय.

अपडेट देते. व्हेटने फोटो पाठवले होते, उत्तर आलं. तंगाच्या जागच्या दोन्ही गाठी आणि भोवतीचा चट्टा यावर क्रीम, जांघेतल्याला सध्या हात लावायचा नाही, दर महिन्याला त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवायचा, वाढला तर इमिक्विमोड. फिरस्ती, तुमचं नाव घेतलं नाही पण विषय मीच काढला, व्हेट म्हणाली चांगला विचार आहे. लेहर्स्टला विद्यापीठाचं घोड्यांचं हॉस्पिटल आमच्यापासून फार लांब नाही, तिथे इलेक्ट्रोकेमोथेरपी वगैरेबद्दल विचारलं तर म्हणाली त्यासाठी भूल देऊन आडवं पाडावं लागतं, गाठीत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध टोचून विजेचे झटके देतात, हे प्रकरण क्रीम फसलं तर.

इन्शुरन्सचं मात्र डोकं उठलंय. एकदा रेकॉर्डवर सारकॉइड आला की पुढच्या रिन्युअलला कातडीचं सगळं वगळणार असं फोनवर सांगितलं. विकायची म्हटली तरी किंमत पडणार. अर्थात विकायची नाहीये.

माळशिरसकर
डॉक्टर माझी पण शंका आहे, जरा वेगळी. माझी मारवाडी घोडी आहे, पंचकल्याणी, नाचाची. दर पावसाळ्यात तिच्या मागच्या पायाला खुराच्या वरच्या सांध्यापाशी आणि एकदा डोळ्याच्या कोपऱ्यात जखम होते, लाल मांस वाढतं, खाज इतकी की भिंतीला पाय घासते, आणि त्यात तांदळाच्या कणीसारखे पिवळे दाणे. थंडी पडली की कमी होतं. आमच्याकडे बरसाती म्हणतात. हे पण सारकॉइडच का? ते क्रीम इकडे कोणी मागवून देईल का?

घोडेवैद्य
माळशिरसकर, क्रीमचा विचार डोक्यातून काढून टाका. तुम्ही लिहिलंय ते तर बरसातीचं पुस्तकी वर्णन झालं. याला कारण हॅब्रोनिमा नावाचा जंत. तो घोड्याच्या पोटात राहतो, लिदीतून बाहेर पडतो, लिदीतल्या माशीच्या अळीत शिरतो, आणि ती माशी मोठी होऊन जखमेवर, डोळ्याच्या ओलसर कोपऱ्यात, ओठांवर बसली की जंताची पिल्लं तिथे उतरतात. घोड्याचं शरीर त्यांच्यावर चवताळतं आणि मांस वाढतं. पावसाळ्यात माशा म्हणून पावसाळ्यात जखम, इतकं सरळ आहे. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध वजनावर मोजून, सोबत सूज आणि खाज कमी करायला व्हेट थोडं स्टेरॉइड देतील, जखमेवर जाळीची पट्टी, आणि लीद रोजच्या रोज तबेल्यापासून लांब. लिदीचा ढीग तबेल्याच्या भिंतीलाच टेकलेला असेल तर औषधं देऊन दमाल.

फक्त एक बघा. घोडी तळ्यात, साचलेल्या पाण्यात बराच वेळ उभी राहते का? तसं असेल आणि जखमेतून पोवळ्यासारखे खडबडीत पिवळट खडे निघत असतील, त्यांना कंकर म्हणतात, तर तो पिथिओसिस असू शकतो. तो फार झपाट्याने वाढतो, हाडापर्यंत जातो, तिथे आयव्हरमेक्टिन देत बसलात तर पाय हातचा जाईल. लवकर कापावं लागतं. शंका आली तर परळला व्हेटर्नरी कॉलेजात नाहीतर जवळच्या कॉलेजात तुकडा तपासायला पाठवा.

माळशिरसकर
खडे नाहीत, कणीच आहे. लीद भिंतीला टेकूनच आहे, ते बरोबर पकडलंत. उद्याच ढीग हलवतो.

सब्जा
माझी आयडी बघून कळलंच असेल, माझ्याकडे सब्जा, म्हणजे करडा, घोडा आहे, आता म्हातारा झालाय, विसाच्या पुढे. शेपटीखाली काळ्या गुळगुळीत गाठींचा घोस झालाय. त्याला हे क्रीम चालेल का?

घोडेवैद्य
नाही. सब्ज्यात ते बहुतेक वेळा मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा ट्यूमर, असतं. ज्या जनुकामुळे सब्जा घोडा वयाबरोबर पांढरा होत जातो त्याच जनुकातला बदल मेलॅनोमाचंही कारण आहे, एसटीएक्स१७, २००८ साली सापडलं. पंधराच्या पुढच्या सब्ज्यांत दर दहातल्या आठांना असतात. वर्षानुवर्षं शांत बसतात. गाठी आत खोल असतात, वरून लावलेलं काही तिथवर पोचत नाही. लीद करायला अडचण होत असेल किंवा फुटल्या असतील तर काढाव्या लागतील, लहान असतानाच काढलेल्या बऱ्या. सिमेटिडिन हे मूळचं पोटातल्या आम्लावरचं औषध देतात काहीजण, निकाल कधी असे कधी तसे.

नुकऱ्याचं, म्हणजे जन्मापासूनच पांढऱ्या घोड्याचं, वेगळंच. त्याची कातडी गुलाबी, ऊन सोसत नाही, पापणीच्या कडेला आणि नराच्या इंद्रियावर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा होतो आणि तो मात्र खरा पसरणारा कॅन्सर. वरातीचे पांढरे घोडे दिवसभर उन्हात बांधलेले असतात, त्यांच्या पापणीला बरी न होणारी बारीक जखम दिसली की पंधरा दिवस मलम चोपडत बसू नका. इंद्रियावर अगदी लहान असताना ५-फ्लुरोयुरासिलचं साधं क्रीम व्हेटच्या देखरेखीखाली लावून बरे झालेले आहेत, वाढल्यावर चाकूच.

खोगीर
म्हणजे एकच गाठ दिसली तरी चार-पाच वेगवेगळे रोग, आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक. शेजाऱ्याची ट्यूब उसनी घेण्याचा प्रश्नच नाही.

चेशायरवासी
क्रीमचा कोर्स झाला. शेवटच्या दोन वेळा गुंगी द्यावी लागली, डॉक्टरांनी लिहिलं होतं तसंच. सूज पोटापर्यंत उतरली होती, ती ओसरली. आता काळी खपली आहे, एका कडेने सुटायला लागलीये, वास भयानक. लेक रोज खरारा करते पण त्या बाजूला तीन हात लांबून, घोडी टाप आपटते. जांघेतलं होतं तेवढंच आहे, फोटो जुळवून बघितले.

घोडेवैद्य
उत्तम. खपली पडली की खालचा भाग समतल, गुलाबी आणि दाणेदार दिसायला हवा. कडेला मांसाचं बोंड उभं राहिलं, रक्त येत राहिलं तर थांबू नका, लगेच व्हेटला फोटो. आणि वर्षभर त्या जागेवरून हात फिरवत राहा.

नवशिका
सगळा धागा वाचून काढला. मी या वर्षी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत पहिल्यांदाच घोडा घ्यायला जाणार आहे. घेताना हे सारकॉइड वगैरे कसं बघायचं? तिथे इतकी गर्दी, व्यापारी हात लावू देतात का?

माळशिरसकर
हात लावू देत नसेल तर पुढच्या दावणीला जायचं, तिथे घोड्यांना तोटा नाही. सकाळी लवकर जा, दुपारी सगळे घोडे सजवलेले असतात, झुली टाकलेल्या, काही दिसत नाही. तेल आणि काळा रंग लावून चट्टे झाकणारेही असतात, ओल्या फडक्याने पुसून बघ.

घोडेवैद्य
टॉर्च न्या. काख, तंगाची जागा, जांघ, आचळ किंवा शिस्नाची म्यान, कानाच्या आत, पापण्या, ओठाचे कोपरे, शेपूट उचलून खाली. जुन्या जखमांचे वण बोटांनी चाचपा, सारकॉइडला जुना वण आवडतो. नाण्याएवढा केस गेलेला राखाडी चट्टा दिसला आणि व्यापारी म्हणाला तंग लागलाय, तर दुसऱ्या बाजूला त्याच जागी बघा, तंग दोन्हीकडे असतो. एखादा छोटा चट्टा आहे म्हणून चांगला घोडा सोडा असं मी म्हणणार नाही, पण किमतीत तो धरा आणि जागा डोळा, सांधा किंवा खोगिराखालची असेल तर नको. शंका आली तर फोटो इथे टाका, उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून, नाहीतर आकार कळत नाही. बयाणा त्याच्यानंतर द्या.